ठेंगण्या घराची तुळई

साल १९५८. माझं वय बावीस. शाळा दुसरीतच सुटली, पण आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं हे ओळखायला दुसरीसुद्धा लागत नाही. आमच्या गावच्या पंचांना मात्र ते सांगावं लागलं.

आमचं गाव आर्णीकडचं. धम्म घेतल्यावर आमचे सगळे लोक गावाबाहेरचा जुना मोहल्ला सोडून सडकेच्या बाजूला राहायला गेले. मागं मातीच्या घरांची ओळ ओस पडली. टोकाचं घर आमचं. दार इतकं ठेंगणं की बाप जन्मभर वाकूनच आत गेला. आमची घरं किती उंच असावीत हे गाव ठरवायचं. छपराखाली मात्र अस्सल सागाची तुळई होती, आजानं जंगलात राबून मिळवलेली.

आमचेच लोक म्हणत, "पाडून टाक ना बापा. त्या नरकाची आठवण कायले ठेवतं?"

"नरक होता हे सांगाले एक तरी घर उभं पायजे," मी म्हणायचो. "नाहीतर उद्या हेच गाववाले म्हनतीन, असं काही नव्हतंच."

म्हणून मी एकटाच भिंती लिंपायचो, छप्पर शाकारायचो. लोक हसायचे. आता शहरातून माणसं येतात, घरासमोर उभी राहून फोटो काढतात आणि मला 'वारसा' शब्दाचा अर्थ समजावतात. समजावू द्या.

तर त्या वैशाखात आम्ही आर्णीच्या बाजाराला गेलतो. तेवढ्यात गावानं छप्पर उचकटून आमची तुळई काढून नेली. देवळापुढं मंडप बांधणं चालू होतं. ज्या मोहल्ल्याची सावली चुकवत ह्यांच्या पिढ्या गेल्या, तिथलं लाकूड ह्यांना देवाच्या डोक्यावर चाललं. साग असला की लाकडाला जात नसते म्हणे.

संध्याकाळी मी पारावर गेलो. पंच बसलेलेच होते, बाजूला देवळाचा पुजारी आणि गडीमाणसं. त्यांतला म्हातारा पाटील पान चघळत होता.

"तुळई आमची आहे," मी म्हणालो.

"तुमची काहून? रिकामं घर गावाचं असते. तशीबी वाळवीनं खाल्ली असती."

"वाळवी खाते पाटील, पण देवाच्या नावानं नाही खात."

पारावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. पाटलानं पान थुंकलं.

"जास्त नोको बोलू. पाणी शिंपडून, शुद्ध करून घेतली आहे ते."

"कोणत्या विहिरीचं पाणी?"

गावची विहीर आटून गेली होती. अरुणावती नदीत नुसती वाळू. पाणी होतं ते आमच्या जुन्या मोहल्ल्याच्या विहिरीला, आमच्या घराच्या मागंच. सगळ्यांनी पाणी शिंपडणाऱ्या गड्याकडं पाहिलं. तो धोतराचा सोगा चाळवत म्हणाला, "जवळ होती ना ते. एवढ्या उन्हात दुरून कोण आणते?"

पुजारी ताडकन उठला. एक म्हणाला, पुन्हा शिंपडा. दुसरा म्हणाला, कायनं शिंपडता, थुंकीनं? आमच्या लाकडाचा विटाळ आमच्याच पाण्यानं धुणारी ही अक्कल, आणि पिढ्यानपिढ्या हीच गावाचा न्याय करत आलेली. मी खाली बसून ऐकत राहिलो. मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

दिवे लागायच्या आत तुळई उतरवून देवळाच्या आवाराबाहेर टाकली. उतरवणारे तसेच आंघोळीला गेले. पाणी कुठून आणलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या भावानं तुळई खांद्यावर घेतली. बाहेरची वाट सोडून गावाच्या मधल्या रस्त्यानं, पाटलाच्या ओट्यापुढून नेली. जिथली होती तिथं चढवली. भाऊ म्हणाला, "आता दार तरी उंच करू." मी नाही म्हटलं, आणि बापासारखाच वाकून बाहेर आलो.