सौदाच्या जंगलातला माझाच आवाज

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरेच महिने वाचतोय, आणि खरं सांगतो, निम्म्यांवर हसलोय. मी मोबाईल दुरुस्त करणारा माणूस. बिघाड झाला की त्याला कारण असतं, एवढंच मला ठाऊक. पण हे माझ्याच बाबतीत घडलं... आणि कारण काही सापडत नाही.

मी मूळचा दापोली तालुक्यातला. सौदीत खमीस मुशैत शहरात, मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात सोळा वर्षं काढली. बायको नसीम आणि सात वर्षांची मुलगी सना बरोबरच होत्या. मग सौदीकरण आलं. मोबाईलच्या दुकानात फक्त सौदीच काम करतील असा नियम झाला. ज्याच्या नावावर माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना होता, तो कफील, माझा मालक, माणूस वाईट नव्हता. त्याने समोर बसवून चहा पाजला आणि मान खाली घालून म्हणाला, "खलास. आता माझ्या हातात काही नाही."

पासपोर्टवर फायनल एक्झिट लागला, म्हणजे कायमचं घरी परत. चाळिशी उलटलेली, दुसरं काम येत नाही, गावी अंथरुणाला खिळलेले वडील. नसीमसमोर मी हसत होतो — "बघू, होईल काहीतरी." आतून मात्र संपलो होतो.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी मी एक गोष्ट केली. इथं माझं नाव नाही, म्हणून लिहितो. दुकान आवरायला जातो असं सांगून मी गाडी काढली आणि एकटाच जवळच्या अबहा शहराच्या वर, सौदा नावाच्या डोंगरावर गेलो. तिथं मोठं जंगल आहे, कुणीही जावं असं मोकळं. आपल्या सुरूसारखी दिसणारी जुनिपरची झाडं, माकडांच्या टोळ्या, सुट्टीला चटया टाकून बसलेली कुटुंबं. आणि जंगल संपतं तिथं एकदम कडा. मी एका वाकड्या झाडाला धरून त्या कड्यावर उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. खूप रडलो. मग घड्याळाकडे लक्ष गेलं — सनाची शाळा सुटायची वेळ झाली होती आणि तिला आणायला दुसरं कुणी नव्हतं. मी परत आलो, त्याला कारण एवढंच.

शुक्रवारी सनाने हट्ट धरला, जायच्या आधी एकदा माकडं बघायचीच. नको म्हणायला मला कारण सुचेना. जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही तिघं तिथं गेलो. नसीमने बिर्याणीचा डबा उघडला, आणि तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. असं दाट, की चार हातांवरची गाडी दिसेना.

"सना कुठंय?" नसीम म्हणाली.

आत्ता इथं होती... नव्हती.

पुढचं नीट सांगता येत नाही. मी झाडांना धडकत, हाका मारत पळत सुटलो. मला ठाऊक होतं ना कडा कुठल्या अंगाला आहे ते! पण धुक्यात दिशाच कळेना. ओरडून ओरडून घसा बसला, मग आवाजच बंद झाला. दगडावरून पाय मुरगळून पडलो, तेव्हा पिकनिकला आलेल्या दोन माणसांनी उचलून मला गाडीपाशी आणून बसवलं. शोधायला बाकीचे गेले. नसीम माझा दंड घट्ट धरून "या अल्लाह, या अल्लाह" करत होती. माझ्या तोंडातून नुसती हवा निघत होती. तासभर तरी तसेच बसून होतो.

मग धुक्यातून एक म्हातारा सौदी आला. त्याच्या खांद्यावर सना!

नसीमने झेप घेऊन तिला ओढून घेतलं. म्हातारा मात्र माझ्याकडेच बघत उभा राहिला.

"हिचा बाप तूच ना? मग तू इथं कसा?" तो अरबीत म्हणाला. "तू तर खाली होतास, कड्यापाशी. सना, सना म्हणून हाका मारत होतास. त्या आवाजाच्या मागेच मी उतरलो, तिथं ही सापडली."

"हे तासभर इथंच बसलेत," नसीम म्हणाली. "यांचा तर आवाजच गेलाय."

जिनाची चाहूल लागल्यावर म्हणतात तसं त्याने पुटपुटत बिस्मिल्लाह म्हटलं. पाणी विचारलं तर तेही न घेता तो निघून गेला.

दुखावला होता तो डावा पाय, आणि गाडी ऑटोमॅटिक, म्हणून चालवता आली. सना मागे आईला बिलगून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अब्बा, व्हाय डिड यू हाइड?"

नसीमने विचारलं, "कुठं लपले होते अब्बा?"

"त्या वाकड्या झाडामागे. दिसत नव्हते, ओन्ली व्हॉइस. म्हणाले, हलू नको हां, खाली बघू नको." आमच्याशी नेहमी अर्धं इंग्लिश मिसळून बोलणारी पोर हे शब्द आमच्या बोलीत, माझ्याच ढंगात म्हणत होती. "आणि म्हणाले, मंगळवारी मी पण इथंच उभा होतो. ही वॉज क्राइंग, अम्मी."

मी गाडी बाजूला घेतली.

घरी आल्यावर नसीमला सगळं सांगितलं, बसक्या घशाने, निम्मं खुणांनी. ती ओरडली नाही. विमानतळावर निघेपर्यंत गाडीची चावी तेवढी तिने स्वतःच्या पदराला बांधून ठेवली.

आता आम्ही दापोलीत आहोत. बाजारात छोटं दुकान टाकलंय, चाललंय बरं. सना कॉलेजला जाते, तिला यातलं काही आठवत नाही. कुणी म्हणतं प्रतिध्वनी, कुणी म्हणतं पोरीच्या मनाचे खेळ. मीही तसंच मानलं असतं. पण म्हाताऱ्याने काय ऐकलं? आणि मंगळवार तिला कुणी सांगितला?

परवा जेवताना विषय निघाला. नसीमने माझ्या पानात भाकरी वाढली. मग हळूच म्हणाली, "त्या मंगळवारी तुम्ही घरी आलात... ते पुरते आलात ना? की थोडे त्या झाडापाशीच राहिलात?"