पुलाखालचा शेंदूर

मी ड्रोन उडवतो. आमची कंपनी पुलांचे फोटो काढते आणि त्यातले दोष कॉम्प्युटर शोधतो. परळीकडच्या एका पुलाच्या खांबावर त्यानं खूण केली, 'गंभीर गंज'. पुण्याच्या ऑफिसातून साहेबांचा लगेच फोन आला. फोटो बघून मला हसूच आलं. तो शेंदूर होता. आमच्याकडं मेंढरं राखणारे नदीत उतरले की पुलाच्या खांबालाच म्हसोबा मानतात.

"मग पुसून परत फोटो काढा," साहेब म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "देव पुसायला नाही ठेवलं मला. तुमच्या मशीनला शिकवा!"

त्यांनी खरंच शिकवलं. माझ्याकडून शेंदराचे फोटो मागवले आणि दोषांच्या यादीशेजारी 'देव' असा नवा प्रकार घातला. आपला म्हसोबा कॉम्प्युटरात बसवला, असं मी गावभर सांगत फिरलो.

पुढच्याच पुलावर कॉम्प्युटरनं एका खांबावर 'देव' लिहिलं आणि दोष काही नाही म्हणून मोकळा झाला. पण खूण पार वर होती, कुणाचा हात पोचणार नाही इतकी. मी नदीत उतरून पाहिलं, तर वरचं सिमेंट सुटून सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून तांबड्या झालेल्या.

पुलापासून लांब एक म्हातारा मेंढरं चारत होता. तरी खात्री करावी म्हणून त्याला विचारलं, "बाबा, या खांबाला देव आहे का?"

"न्हाई बा," तो म्हणाला. "हितं कोन बसवतंय देव? देवाच्याच डोक्यात पडंल की पूल."