मैनाबाईने बांधलेला टर्बोचा पाइप

मैनाबाईने आजवर संत्र्याच्या किती कलमांना डोळे बांधले असतील, ते तिलाही सांगता यायचं नाही. परतवाड्याजवळच्या नर्सरीत तिचा हात सगळ्यांत हलका. त्याच हातांनी तिने सागर आणि खुशीला एकटीने वाढवलं. खुशी बारावी झाली, तरी आईशिवाय अमरावतीलाही कधी गेली नव्हती.

या वर्षी प्रवेश लांबले आणि ऐन कलमांच्या हंगामात खुशीला अकोल्याला कृषीची जागा लागली. आज पाचच्या आत कागदपत्रं घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सागरने मित्राची डिझेल गाडी आणली, मैनाबाई कामावरून तशीच येऊन बसली.

मूर्तिजापूर सुटलं आणि बॉनेटखालून फुस्स आवाज आला. मागे काळा धूर, गाडी ओढेना. सागरने पाहिलं तर इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा जाड रबरी पाइप उभा फाटलेला. अमरावतीच्या ओळखीच्या मिस्त्रीने फोनवर सांगितलं की घट्ट बांधा आणि पाय हलका ठेवा. जोर दिला की सुटलाच समजा.

मैनाबाईच्या पिशवीत कलमाच्या प्लास्टिक पट्ट्या होत्या. पाइप जरा निवल्यावर तिने त्या ताणून ताणून गुंडाळल्या. गाडी सुरू केली, तर पुन्हा तोच आवाज. सागर वाकला आणि त्या घाईतही हसला. बांधणीच्या मधोमध बोटभर जागा उघडी होती. कलमात डोळ्याला, म्हणजे बांधलेल्या कोंबाला, फुटायला जागा ठेवतात, हाताने सवयीने तीच ठेवली होती.

"आई, याले डोळा नाही फुटत वं. बुजव पुरा."

मैनाबाईने लगेच हात घातला. सगळं सोडलं, पदराने पाइपाचं तेल पुसलं, पुन्हा बांधलं. या वेळी टिकलं, पण गाडी रांगत होती. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जात. सागरने एकदा पाय दाबला तशी बांधणी फुरफुरली, आणि त्याने झटकन पाय उचलला. खुशी फाइल छातीशी धरून सारखी मोबाइल बघत होती.

बोरगाव मंजूला चहाच्या टपरीपाशी एक जीप उभी होती. पुढे ड्रायव्हरशेजारी साठीची एक बाई. मैनाबाईने सागरला थांबायला लावलं, उतरली, आणि त्या बाईला सगळं सांगून खुशीला पुढे न्याल का विचारलं.  बाईचं नाव कुलसुमबी. मुलगा ताहेर जीप चालवत होता, दोघं अकोल्याच्या जुन्या शहरात घरी चालले होते.

"कॉलेजच्या दारात उतरवतो बैन, मंग घरी जातो," कुलसुमबी म्हणाली. "पोरगी माह्या बाजूले बसन. तू काहून घाबरून राहिली?"

खुशीने आईकडे पाहिलं. मैनाबाईने तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं, कुलसुमबीचा नंबर घेतला आणि दार स्वतः लावलं. जीप दिसेनाशी झाली तरी ती रस्त्यावरच उभी. सागरने दोनदा हाक मारली तेव्हा गाडीत बसली.

गाडी पुन्हा रांगत निघाली. तिने दोनदा कुलसुमबीचा नंबर काढला आणि न लावताच ठेवला. अकोल्याच्या वेशीवर फोन वाजला.

"आई, झालं. नाव लागलं माह्यं. होस्टेल उद्यापासूनच म्हणतात."

"जेवली का?" मैनाबाईने विचारलं.

"चाचीनं केळं देल्लं."

"बरं," ती म्हणाली, आणि सागरला सांगितलं की आता बाजारातून गादी घ्यावी लागेल.