पट्टीचा पोहणारा

सांगलीचा माणूस म्हटला की त्याला पोहता येणारच, अशी इंग्लंडातल्या मेडनहेडच्या मराठी मंडळींची ठाम समजूत आहे. ती समजूत मीच करून दिली. अकरा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा पहिल्याच ओळखीच्या जेवणात कुणीतरी गाव विचारलं. सांगली म्हटल्यावर समोरचा म्हणाला, "म्हणजे कृष्णेत वाढलेला गडी." तिथे नुसता हसलो असतो तरी भागलं असतं, पण माझ्या जिभेला हाड नाही. आयर्विन पुलावरून मारलेल्या उड्या, पुराच्या पाण्यातून काढलेले नारळ, सगळं सांगून मोकळा झालो. उड्या खऱ्याच होत्या, फक्त त्या माझ्या थोरल्या भावाने मारल्या होत्या. मी घाटावर त्याचे कपडे आणि चपला सांभाळत बसायचो. वडिलांनी मला तिसऱ्या पायरीच्या खाली कधी उतरू दिलं नाही, आणि मीही कधी हट्ट धरला नाही.

पुढची वर्षं ती थाप निभावण्यात गेली. कॉर्नवॉलला गेलो तेव्हा माझा कान दुखत होता. ब्रायटनला सर्दी होती. गावातल्या स्विमिंग पूलमधलं क्लोरीन मला सोसत नाही, हे तर आता मित्रांच्या मुलांनाही पाठ झालंय. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि ती या बाबतीत माझी कीव करायची.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या हाउन्सलोच्या मैत्रिणीने बेत काढला. ही मूळची दादरची, एअरपोर्टवर नोकरीला, आणि बेत आखायची हौस इतकी की सहलीआधी आम्हाला शीट येतं, त्यात बाथरूमला थांबायच्या जागासुद्धा असतात. यावेळी वेल्सचा समुद्रकिनारा होता. शनिवारी कोस्टियरिंग, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून चढत-उतरत जायचं, वाट संपली की समुद्रात उडी मारायची आणि पुढच्या खडकाशी निघायचं. माणसं यासाठी पैसे देतात. तिने ग्रुपवर विचारलं, "सगळ्यांना पोहता येतं ना? फॉर्मवर लिहायचंय." मी मीटिंगमध्ये होतो. सवयीने अंगठा टाकला. माझ्यामागोमाग नागपूरकराचा अंगठा आला, मग त्याच्या बायकोचा. नागपूरकर म्हणजे माझा ऑफिसातला मित्र. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो.

त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, अंगठा दिलाय खरा, पण मला पोहायला येत नाही. लहानपणी तलावात पाय घसरला होता माझा. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकतो. पण सगळे हो म्हणतायत आणि आपणच कशाला मोडता घालायचा. तुम्ही आहात म्हणून येतेय. माझ्या नवऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

सांगून टाकायची वेळ तीच होती. फोनवर तोंडही दिसत नाही. पण मी म्हणालो, "अहो वहिनी, काळजी कशाला करता?" भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्यापाशी या दोन्ही बहिणी कायमच्या मुक्कामाला आहेत.

बायको मुलीच्या परीक्षेमुळे घरी थांबली. निघताना तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "बाकी काही कर, पण त्यांना सांग. त्या बिचारीला तू बुडवशील." मी वाटेत सांगतो म्हणालो. मग एम-फोर हायवेवर दोन तास बोलायला भरपूर वेळ होता, पण नागपूरकर गाडी चालवत होता आणि चालवताना तो कुणाला बोलू देत नाही. हायवेवरच्या थांब्यावर थांबलो तिथे पुऱ्या सोडल्या, लोणचं सोडलं, आणि कोवळ्या उन्हात बाकावर बसून इतकं छान वाटलं की विषय काढवेना. वहिनी सगळ्यांत जास्त खुशीत होत्या. मैत्रिणीला म्हणाल्या, "मी आईला फोन करून सांगितलंय, समुद्रात जातेय म्हणून. तिला खरंच वाटलं नाही." त्यांच्या त्या खुशीने मला पुरी गिळवेना.

किनाऱ्यावर पोहोचलो. आमची इन्स्ट्रक्टर पन्नाशीची वेल्श बाई होती, करडे केस, उन्हाने रापलेला चेहरा, आणि आवाज असा की वारा तिच्या पुढे गप्प बसावा. तिने आम्हाला समुद्रात घालायचे रबरी वेटसूट दिले. वेटसूट घालणं हा स्वतंत्र साहसी खेळ आहे, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत हे नशीब. नागपूरकराने पोट आत घेऊन चेन लावून घ्यायला पाच मिनिटं लावली. आपण चेन उलट्या बाजूला आणलीय, ती पाठीवर असते, हे त्याला सहाव्या मिनिटाला कळलं. "काहून बे हसतो," तो मला म्हणाला, "तू तर लहानपणापासून पाण्यात आहे, तुला सवय असन." त्यावर हेल्मेट, तरंगायचं जॅकेट आणि सूट फाटू नये म्हणून वरून कुणाच्या तरी जुन्या अर्ध्या चड्ड्या. आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो तेव्हा कुणाकडे बघून कुणी हसायचं तेच ठरेना.

मग ती बाई फॉर्मचे कागद घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "यू आर द स्ट्राँग स्विमर, राइट?" आणि मग वहिनींकडे वळली. "सो, ही'ज युअर बडी. स्टे क्लोज टू हिम."

म्हणजे मैत्रिणीने माझ्या नावापुढे पट्टीचा पोहणारा असं लिहून टाकलं होतं. तिची काही चूक नाही, अकरा वर्षं तिने तेच ऐकलं होतं.

वहिनींनी माझ्या जॅकेटचा पट्टा पकडला. पाणी अजून आमच्यापासून चार हात लांब होतं, तरी त्यांची बोटं पांढरी पडली होती. "आता मला भीती नाही," त्या म्हणाल्या. इतका वेळ मला माझ्या अब्रूची पडली होती. ती बोटं बघितल्यावर कळलं की ही बाई आता माझ्यामागे कुठेही उतरेल, आणि पाण्यात गडबड झाली तर मीच हिच्या गळ्यात पडेन.

मी हात वर केला. शाळेत लघवीला जायचं असताना करायचो तसा. आणि आधी मराठीत म्हणालो, कारण ते सगळ्यांत आधी वहिनींना कळायला हवं होतं. "वहिनी, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. त्या उड्या माझ्या भावाच्या." मग तेच इंग्रजीत त्या बाईंना सांगितलं. इंग्रजीत ते फारच थोडक्यात झालं.

वहिनींनी पट्टा सोडला आणि स्वतःचा हात वर केला. मग, माझ्या डाव्या बाजूला, नागपूरकराचा हात हळूच वर आला. "मलेही नाही येत," तो म्हणाला, "मी म्हटलं तू आहेस ना." शेवटी आमच्या बेत आखणाऱ्या मैत्रिणीने कोपरापर्यंत हात उचलला. तिला पूलची रुंदी पार करता येत होती, पण दुसऱ्या टोकाला हाताशी कठडा लागतो, असं तिने स्पष्ट केलं. आम्ही चौघं, आणि बाकीचे तिघं माझ्या एका अंगठ्यावर उभे.

मला वाटलं बाई आम्हाला हाकलून देईल. तिने फॉर्मवर चार ठिकाणी काहीतरी खोडलं, वॉकीटॉकीवर आणखी एका सहकाऱ्याला बोलावलं, आणि म्हणाली, पोहता न येणाऱ्यांनाही मी नेते, फक्त ते मला आधी माहीत असावं लागतं. तिने ठरलेली वाट बदलली आणि आम्हाला एका शांत, आडोशाच्या खाडीत उतरवलं. "देअर इज नो शेम इन इट," एवढंच ती मला म्हणाली. शरम वाटायची ती वाटतच होती.

पाणी जुलैतही असं गार की पहिलं मिनिटभर आवाजच फुटेना. पण सूट आणि जॅकेट माणसाला बुडू देत नाहीत. बुडायचं म्हटलं तरी जमत नव्हतं. नागपूरकर बुचासारखा गोल फिरत "अरे, बघा बघा" करत राहिला. आम्ही हसून हसून इतकं खारं पाणी प्यायलो की पुढचे दोन दिवस मीठ नको झालं. वहिनी इन्स्ट्रक्टरच्या हाताच्या आधाराने उताण्या झाल्या आणि बराच वेळ आकाशाकडे बघत तशाच राहिल्या. मध्येच त्या बाईने आपला हात काढून घेतला, तेही त्यांना कळलं नाही. नागपूरकराशी त्या बोलल्या, मैत्रिणीशी बोलल्या. 'भाऊजी' हा शब्द मात्र पुढचा तासभर माझ्या वाट्याला आला नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते वाटणं बरोबर होतं.

शेवटचा खडक पुरुषभर उंचीचा असेल, पण वरून तो दुप्पट दिसायचा. खाली हिरवं, खोल पाणी. मैत्रीण नाक दाबून गेली. नागपूरकर आईचं नाव घेत गेला. मग वहिनी कडेला आल्या, खाली वाकून बघितलं, आणि मागे सरकल्या. त्यांचा श्वास वर अडकलेला मला ऐकू येत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, काय वाटतं तुम्हाला? मारू?"

जिभेवर जुनं उत्तर तयारच होतं. मी ते गिळलं. "मला काही कळत नाही, वहिनी. माझे पाय लटपटतायत. बाई म्हणतात काही होत नाही, पण मला स्वतःला विचाराल तर मला प्रचंड भीती वाटतेय."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. ते खरंच लटपटत होते.

"मलाही," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

पाणी उडालं, मग त्यांचं लाल हेल्मेट वर आलं, आणि खालून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या खऱ्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणीतरी उडी मारली होती. खडकावर आता मी आणि इन्स्ट्रक्टर दोघंच उरलो होतो. ती शांतपणे म्हणाली, "रेडी?"

मी रेडी नव्हतो. तसं मी तिला सांगितलं, खालच्या तिघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.