धंतोलीच्या तिघी आणि एक क्लच

आमच्या तिघींचे क्लचचे किस्से आता इतके साठलेत, की लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी शेजारी बसलो की वाढणारासुद्धा थांबतो. म्हणतो, "काकू, जिलबी घ्या, पण आधी तो चपलेचा सांगा!" लोक पोट धरून हसतात. आम्हीही हसतो. पण खरं सांगू? माझे कान अजून गरम होतात. गोष्ट जुनी झाली, लाज काही जुनी होत नाही.

आम्ही तिघी धंतोलीच्या. कुसुमताई सगळ्यांत मोठ्या, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पत्नी. शालू सगळ्यांत धाकटी, कॉलेजात इतिहास शिकवायची. मधली मी. माझे यजमान हाडांचे डॉक्टर. सत्तर साल उलटून गेलं होतं, नागपुरात मोटार चालवणाऱ्या बायका मोजक्याच दिसायच्या, आणि आम्हाला त्यांच्यात जायची हौस आली. शिकवायला मिळाले पांडेमास्तर. गाडी त्यांचीच, एक म्हातारी अँबॅसिडर. ती चालताना आमच्यापेक्षा जास्त कण्हायची.

*

पहिला दिवस माझा. मास्तरांनी सांगितलं, "क्लच पूरा दाबायचा. गिअर टाकायचा. मग क्लच हळूऽऽ सोडायचा. दुधावरची साय काढता न, तसा."

मी दाबला. गिअर पडला. साय काढायच्या आत पाय सुटला! गाडीने अशी उडी मारली की कुंपणावरचे कावळे उडाले. मग दोन आचके दिले आणि बंद पडली.

"अंगावर पाल पडल्यावानी पाय काहून उचलता जी?" मास्तर ओरडले.

मी लाजेने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. नेमकं हॉर्नवर. तो वाजतच राहिला.

"आता पुढे काय करू, मास्तर?"

"पुढे काही नाही. खाली उतरा, आन् माहा चष्मा कुठे गेला ते पाहा."

*

आता तो चपलेचा. महिनाभराने मी आमची गाडी एकटी चालवायला लागले होते. चप्पल घालून क्लचचा अंदाज येत नाही म्हणून मी ती काढून बाजूला सारायची. तशी सारली आणि संध्याकाळच्या ऐन गर्दीत व्हरायटी चौकात आले. पोलिसाने हात दाखवला. मी क्लच दाबला, तर तो जाईचना खाली! घाबरून ब्रेक दाबला. गाडी धडधडून बंद. गिअर तसाच ठेवून पुन्हा चालू केली, तर बेडकासारखी पुढे उडी. मागे रिक्षांच्या घंट्या, कोणी शिट्ट्या मारतंय, कोणी "बाई आहे बाई!" म्हणून दुसऱ्याला दाखवतंय.

पोलीस आला. "क्या हुआ, बाई?"

"क्लच अडकलाय हो," मी रडायच्या बेतात.

त्याने दार उघडलं, वाकून हात घातला आणि पेडलखालून माझी चप्पल ओढून काढली. निळी, वर प्लॅस्टिकचं फूल. मला वाटलं, देईल मुकाट्याने. पण त्याला कर्तव्य आठवलं. मला वाट करून द्यायची म्हणून त्याने चौकाच्या मध्ये जाऊन हात उंच केला आणि सगळी रहदारी थांबवली. चप्पल त्याच हातात होती.

मी एका पायात चप्पल घालून घरी आले. बातमी माझ्या आधी आली होती. यजमानांनी दार उघडलं आणि तोंडाकडे न बघता थेट माझ्या पायांकडे बघितलं.

*

कुसुमताईंचं दुखणं वेगळं. त्यांचा डावा पाय कायम क्लचवर. मास्तर सांगून थकले, "बाई, काम झालं का पाय खाली ठेवा. जळते ते." कुसुमताई म्हणायच्या, "राहू द्या हो, हाताशी असलेलं बरं."

एकदा सीताबर्डीच्या मेनरोडवर सणाची गर्दी. गाडी इंच इंच सरकायची. ताईंनी अर्धा तास अर्ध्या क्लचवर काढला. मी आणि शालू मागे. थोड्या वेळाने वास सुटला. कुसुमताईंना आपल्या नाकाचा आणि स्वयंपाकाचा भारी अभिमान. त्यांनी एका मिठाईच्या दुकानासमोर गाडी थांबवली, काच खाली केली आणि मालकाला सुनावलं, "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं? काहीतरी करपून राहिलंय!"

तो बिचारा कढईपाशी पळाला. हुंगलं. परत आला, आमच्या गाडीपाशी वाकला, पुन्हा हुंगलं. मग सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईसाहेब, माह्यं दूध ठीक आहे. हे तुमच्याच घरचं करपलं!"

तेवढ्यात खालून धूर दिसायला लागला. ताई खाली उतरल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून पाव किलो पेढे मागितले. गाडी दोरीने ओढून न्यावी लागली. पेढे घेऊन त्या रिक्षाने घरी गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "पेढे? कशाचे?"

"क्लच प्लेट गेली," ताई म्हणाल्या, "त्याचे."

*

शालूला सपाटीवर काही अडचण नव्हती. चढ आला की तिचं सगळं शिकलेलं इतिहासजमा व्हायचं. सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. ब्रेक सोडावा तर गाडी मागे, क्लच सोडावा तर गाडी बंद. दोन पायांत तीन पेडलं! पायी फिरायला निघालेले एक वयस्कर फादर मागून येत होते. त्यांनी पांढऱ्या झग्याच्या बाह्या सारल्या, डिकीला दोन्ही हात लावले आणि गाडी रोखून धरली. धरली ती धरलीच. शालूचा क्लच शेवटी जमला, गाडी सुटली, आणि थांबलं तर पुन्हा बंद पडेल या भीतीने ती तशीच वर निघून गेली. आभार नाहीत, मागे वळून बघणं नाही.

रात्रभर तिला झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती आभार मानायला संत्री घेऊन निघाली. त्याच चढावर, त्याच जागी, गाडी बंद!

आरशात तिला फादर दिसले. लांबूनच बाह्या सारत येत होते.

*

लायसन्सच्या परीक्षेला साहेबांनी कुसुमताईंना विचारलं, "क्लच कधी दाबायचा?"

ताई क्षणभर विचारात पडल्या. मग खरं तेच बोलल्या. "शेजारी बसलेले हे ओरडले, की."

साहेबांनी पेन उघडलं आणि ताईंना पास केलं. "आमच्या घरीही असंच आहे," म्हणाले.

*

आता राहिलेला एक. हा मी पंगतीत सांगत नाही. सुमनच्या सासरचं कोणी समोर असेल तर मुळीच नाही.

सुमन माझी नणंद. माझं सासर खापाचं, कन्हानच्या काठी शेती. सुमनला बघायला सावनेरहून बापूसाहेब आणि त्यांची बायको येणार होते. माणसं जुन्या वळणाची. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, त्यामुळे सासूबाईंचं जेवणावरून मन उडालेलं. मामंजींनी मोठेपणाने निरोप धाडला होता, "बसस्टँडवर मी स्वतः मोटार घेऊन येतो."

मोटार आमची होती. पण यजमानांचं त्या दिवशी ऑपरेशन निघालं आणि गाडी घेऊन मी एकटीच खापाला पोचले. गावाबाहेर मामंजी वाट बघत उभे. त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, तुम्ही गाडी चालवता हे बापूसाहेबांनी पाहिलं, तर ते म्हणतील या घरच्या पोरीले काय वळण असन? सुमनचं कसं होईन?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मीच काहीतरी चोरून आणल्यासारखी मान खाली घातली.

"मग काय करायचं, मामंजी?"

"मी चालवतो."

मामंजींनी जन्मात बैलजोडीशिवाय काही हाकलं नव्हतं. मी खळ्यात तासभर त्यांना शिकवलं. सासऱ्याला "पाय उचला, पाय ठेवा" असं म्हणताना माझी जीभ अडखळायची, आणि सुनेचं ऐकताना ते सारखे इकडेतिकडे बघायचे. स्टिअरिंग जमलं, ब्रेकही जमला. क्लच काही केल्या जमेना. केव्हा दाबायचा तेच कळेना. शेवटी ठरलं असं, की गिअर मी पहिल्यात टाकून ठेवायचा आणि घरापर्यंत तसंच जायचं. पाहुण्यांसमोर बोलता येणार नाही, म्हणून मी खोकायचं. एकदा खोकले, की क्लच दाबा. दोनदा खोकले, की हळूच सोडा.

बसस्टँडवर पाहुणे मागे बसले. मी डोक्यावरून पदर घेऊन पुढे, मामंजींच्या शेजारी.

बापूसाहेबांच्या बायकोने विचारलंच, "सूनबाई पुढं काहून बसल्या?"

"मागं बसलं का मळमळते तिले," मामंजी म्हणाले. "खोकलाही झाला आहे बिचारीले."

मी दोनदा खोकले. गाडी निघाली. अगदी साय काढल्यासारखी! मामंजींची छाती फुगली. बाजारात म्हैस आडवी आली. मी एकदा खोकले, त्यांनी दाबला, ब्रेक लावला, गाडी थांबली. म्हैस गेली. दोनदा खोकले, गाडी निघाली. दुकानांतून लोक उठून बघायला लागले. "पाटील मोटार चालवून राहिले!" मला वाटलं, जमलं.

आणि मागून बापूसाहेब खोकले.

त्यांना जुना दमा होता हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मामंजींनी झटकन क्लच दाबला. गाडी थबकली. बापूसाहेब पुन्हा दोनदा खोकले. मामंजींनी सोडला. गाडीला हिसका बसला, बापूसाहेबांची टोपी नाकावर. हिसक्याने त्यांना मोठी उबळ आली. ते खोकतच सुटले आणि मामंजींचा पाय खालीवर, खालीवर! गाडी भर बाजारातून अंगात आल्यासारखी घुमत निघाली. मला थांबवायचं होतं, पण थांबवायला खोकावं लागणार होतं. मी ओठ चावून बसले. माझ्या डोळ्यांसमोर फक्त सुमन. ती दारात नवं लुगडं नेसून उभी असणार.

अखेर उबळ ओसरली. गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, पहिल्या गिअरात संथ सरकत. बापूसाहेबांनी टोपी सरळ केली, घाम पुसला. बराच वेळ माझ्या पाठीकडे आणि मामंजींच्या पायाकडे आळीपाळीने बघत राहिले असावेत. मग पुढे वाकले.

"पाटील, एक विचारू?"

"विचारा न, बापूसाहेब."

"इथून पुढं चढ दिसते. आता मी खोकलू, का सूनबाई खोकलतीन?"

मामंजींची मान कानापर्यंत लाल झाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, श्वास धरला, तरी ठसका आलाच. एकच.

आणि मामंजींनी समोर बघत, मुकाट्याने क्लच दाबला.