धोतरावरची शिंदी

शिंदीचा आंबूस वास आला की घाटनांदूरचा तो बाजार आठवतो. वडील, आमचे दादा, झोकांडी खाऊन मिरच्यांच्या ढिगावर पडले, लोक हसले, आणि मी लाजेनं त्यांना तिथंच टाकून घरी पळाले. घरात आई त्यांच्या धुतल्या धोतरावर शिंदी शिंपडत होती. "दादा पीत न्हाईत?" मी विचारलं. "थेंबबी न्हाई. तुज्या आज्याचाबी असाच तोल जायचा. रक्तातलं हाय कळलं तर तुला सून कोण करून घेईल? दारुड्याच्या पोरीला तरी स्थळ येतं. त्येनीच सांगितलं, शिंपड म्हणून." दारुडा समजून मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते, आणि दोघांनी मला तसंच समजू दिलं होतं. परवा माझ्या काखेतली भरली घागर सुटली, पाय लटपटले. सासू बघत राहिली. बाईमाणसाला शिंदीचा बहाणाही नाही.