सोन्याबद्दल पाच वाक्यं

"सोन्या इज माय सन," असं म्हणून मावशीनं चादर झटकली.

दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायचो. गरम रोलरमधून नुकती निघालेली चादर, हाताला चटके देणारी. झटकायची, दुमडायची, एकमेकींकडं चालत यायचं, कोपरे हातात द्यायचे, परत मागं. दर घडीला एक वाक्य, असं मीच ठरवलं होतं. चादर संपेपर्यंत पाच झाली पाहिजेत.

"पुढं?"

"सोन्या..."

"परत सोन्या नाही. नाव एकदा झालं, आता ही. क्लासच्या बाईंनी काय सांगितलंय?"

"पहिल्यांदा नाव, मग ही." मावशीनं कोपरे माझ्या हातात दिले. "पण काय गं भिंगरे, पुरुषाला ही? आपल्यात ही म्हणजे बाई."

"त्यांच्यात उलटं आहे. बाईला शी. त्यांनाच जाऊन विचार."

भिंगरी म्हणजे मी. एका जागी बसत नाही म्हणून लॉन्ड्रीत सगळे तेच म्हणतात, जशी ती सगळ्यांची मावशी. शाळा मी मधेच सोडली. इंग्रजी आलं ते खोल्यांमधल्या चादरी गोळा करताना, पाहुण्यांशी भांडून भांडून.

मावशीला तोंडी परीक्षा द्यायची होती. तिचा एकुलता एक सोन्या परदेशात असतो. तिथं त्याच्याकडं राहायला जायचं तर आधी इंग्रजी बोलून दाखवावं लागतं, असा त्या लोकांचा नियम. पास झाली तर सोन्याकडं. नापास झाली तर इथंच, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, जिथं फळीवर दोन कप आहेत आणि एक कायम उपडा. परीक्षेत घरातल्या एका माणसाबद्दल बोला असं हमखास सांगतात. तेव्हा मुलाबद्दल पाच वाक्यं तयार ठेवा, असं बाईंनी बजावलं होतं.

बाकी कुणाबद्दलही विचारा, मावशी घडाघडा बोलायची.

"सुपरवायझर इज माय बॉस. ही इज शॉर्ट. ही शाउट्स. ही स्लीप्स इन टॉवेल रूम." मग थांबून विचारायची, "साहेबाला पण ही आणि चोराला पण ही? अहो-जाहो काही नाहीच?"

"नाही."

"बरंय की मग. तोंडावर म्हणता येईल."

मेलेल्या नवऱ्याबद्दलसुद्धा बोलायची. ही वॉज टॉल, ही वॉज लेझी, ही सँग इन बाथरूम. सोन्यापाशी आलं की मात्र घोडं पेंड खायचं. सोन्या इज माय सन. सोन्या इज गुड. सोन्या, सोन्या, आणि चादर संपायची. मला वाटायचं, पोराला ही म्हणायला हिची जीभ रेटत नाही.

"त्याला ही म्हटलंस म्हणून तो काय परका होणार आहे का?" मी एकदा ओरडलेच. ती नुसती कोपरे जुळवत राहिली.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिच्या खोलीवर गेले. मावशी केस विंचरून बसलेली. साखरेच्या डब्याला टेकून फोन उभा. सोन्याचा फोन यायचा होता.

"आज विचारणारच आहे मी त्याला," ती म्हणाली. "संध्याकाळी काय करतो, शेजारी कोण आहे, सगळं. म्हणजे पाच होतील."

फोन वाजला.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. तू जेवलास?"

"हो."

"काय जेव..."

"आई, घाईत आहे. परीक्षा नीट दे. ठेवतो."

"ठेव बाळा."

मावशीनं फोन पालथा घातला. बराच वेळ टेबलावरचा नसलेला कचरा हातानं गोळा करत होती. मग म्हणाली, "ही एट. हे वाक्य चालेल का गं?"

माझं डोकंच फिरलं. "मावशी, तो काम काय करतो?"

"ऑफिसात आहे."

"कसल्या?"

"विचारलं होतं मी. म्हणाला, तुला नाही कळायचं."

"मित्र कोण त्याचे? घर कसंय?"

"असेल चांगलंच."

म्हणजे जीभबीभ काही अडत नव्हती. नाव होतं, पण नावाच्या पुढं ठेवायला तिच्याकडं काही नव्हतं. किती वर्षं तो बरी-आहेस-ना-ठेवतो एवढ्यावर भागवत होता कोण जाणे. तो समोर असता तर मी त्याला रोलरमधून काढला असता.

"मग फेक ना," मी म्हटलं. "ही हॅज रेड कार. ही लाइक्स म्युझिक. कोण जातंय बघायला?"

"माझ्याच पोराबद्दल थापा मारू?"

"पास व्हायचंय ना?"

"आणि लाल गाडी नसली त्याची तर?"

"तर काय होतंय?"

"तर तो कुणीतरी दुसराच झाला ना."

मी ऐकलं नाही. पाच वाक्यं मीच बनवली आणि परीक्षेपर्यंत दर चादरीला तिच्याकडून म्हणवून घेतली. लाल गाडी, गाणी, कुत्रा, पोहणं, स्वयंपाक. मावशी ती कडू औषध घेतल्यासारखी म्हणायची. तोंड वाकडं करून, पण म्हणायची.

परीक्षेला दोघादोघांना एकत्र आत घेतात. मावशीच्या जोडीला तिच्याच क्लासमधले, आमच्या हॉटेलवर पाहुणे आणणारे टॅक्सीवाले काका होते. बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती, काही सांगितलं नाही. निकाल आला, पास. मी टॉवेलच्या ढिगावर चढून सगळ्यांना सांगितलं की लाल गाडीनं काम केलं. मावशी म्हणाली, "उतर खाली, पडशील."

ती गेली त्या दिवशी आम्ही एकच चादर घडी केली, एकही वाक्य न बोलता. निघताना तिनं तो उपडा कप मला दिला.

तिकडून तिचा पहिला फोन आला तेव्हा ती आधी हेच म्हणाली, "पांढरी आहे गं गाडी." मग म्हणाली, "सकाळी जातो, अंधारात येतो. मी असते घरात. घर मोठं आहे." तिच्या बाजूला कुठंतरी नळ गळत होता, तो ऐकू येत होता.

माझ्या जोडीला अजून कुणी दिलेलं नाही. मी चादरीचं एक टोक दाराच्या कडीला अडकवते आणि घडी घालते. जमतं. फक्त कडी चालत पुढं येत नाही, सगळं चालणं माझंच.

परवा टॅक्सीवाले काका हॉटेलवर पाहुणे सोडायला आले होते. मी बॅगा उतरवून घेताना त्यांना म्हटलं, "काय काका, आमच्या लाल गाडीनं मावशीला पोचवलं की नाही?"

"कसली लाल गाडी?"

"परीक्षेत. मुलाची पाच वाक्यं."

"छे," काका म्हणाले. "मुलाबद्दल विचारलं तर तिनं नाव सांगितलं, अगदी आडनावासकट. मग नुसतं ही म्हणाली आणि गप्प. मला वाटलं, गेली आता. परीक्षक बाई चांगली होती. म्हणाली, दुसऱ्या कुणाबद्दल बोला. तर मावशी सुटलीच. शी फोल्ड्स शीट्स विथ मी. शी ईट्स स्टँडिंग. शी इज ऑल्वेज अँग्री, बट नॉट ऑन मी. शी सेज स्कूल इज यूजलेस. शी इज राँग. थांबेचना. शेवटी बाईनंच हात वर केला. म्हणाली, छान, पण शी म्हणजे कोण? नाव सांगायचं राहिलं."

"मग?"

"मग तुझी मावशी माझ्याकडं वळली. भर परीक्षेत, आपल्या भाषेत विचारते, अहो, आपल्या भिंगरीचं खरं नाव काय हो?"

काकांनाही ते माहीत नव्हतं.